मायची जोडवी आणि विजेचा शेक

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपूरच्या प्रयोगशाळेत मी लोखंडाच्या गंजाची पूड करायचे, डोळ्यांना कण दिसू नयेत इतकी बारीक. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर साखरेच्याच जातीच्या एका पॉलिमरचा लेप चढवायचा. मग चुंबकाची दिशा भराभर उलटसुलट करत राहिलं की पूड आपोआप तापते. पुढे कधीतरी ही पूड शरीरातल्या गाठीत सोडून नुसती गाठच भाजून काढता येईल, असं आमचे सर म्हणत. मंगरूळपीरला घरी हे सगळं सांगितलं की माय विचारायची, "मंग लगन झाल्यावर हे कामात पडते का?"

त्या हिवाळ्यात मायचाच पाय मुरगळला. आमची भाजीची बाग. मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, खुडायला उकिडवं बसावं लागतं, आणि तिचा घोटा काही केल्या वळेना. दुसऱ्या कुणी खुडलेली मेथी तिला पसंत नसे, म्हणून ती बांधावर खाट टाकून सगळ्यांना बोलत बसायची. एकदा मात्र मी तिला वाफ्याशी एकटीच खाली बसू पाहताना बघितलं. जमलं नाही, तेव्हा ती रडली. माझा जीव कळवळला.

वाशीमला एका डॉक्टरांकडे विजेवर शेक देणारं यंत्र आल्याचं कळलं. बाबा, माय आणि मी बसने गेलो. सिस्टर म्हणाल्या, अंगावर धातू चालणार नाही, तापून चटका बसतो. मायने पायातल्या तोरड्या काढल्या. जोडव्यांवर येऊन अडली.

"माहा नवरा भायेर उभा हाय धडधाकट, अन् मी जोडवी काहाडू?"

मी समजावायला गेले. म्हटलं, "माय, या यंत्रानं धातू तापते. माहं कामच हे हाय."

"तापू दे ना. शेकालेच तं आली मी. तू लोखंड तापवून लोकाईले बरं करतं म्हनतं, मंग माही चांदी तापली तं काहून चालत नाही?"

"आमच्या पुडीची गोष्ट अलग हाय. तिच्यावर लेप असते."

"मंग याईले बी लाव."

"तो लेप कण चिकटू नये म्हणून असते, भाजू नये म्हणून नाही!"

माझा आवाज चढला. मी तापटच, एवढं शिकूनही मायला एक गोष्ट पटवता येत नाही म्हणून माझ्या अंगाची लाही झाली. सिस्टरांनी सरळ सांगितलं की काढायची नसतील तर घरी जा, मागे माणसं खोळंबलीत. माय खरंच उठायला लागली.

तेवढ्यात आमचा आवाज ऐकून बाबा आत आले. त्यांनी वहाण काढली, जमिनीवर बसले आणि पाय पुढे केला.

"नवरा जिता हाय याची खूण हाय ना ते? मंग शेक होईस्तवर नवऱ्याच्याच पायात राहू दे. याच्याहून पक्की खूण कोनती?"

मायनं पाय लांब केला. साबण लावून जोडवी निघाली, पण बाबांच्या बोटांत काही जाईनात. शेवटी करंगळ्यांत बसली. धोतरातले बाबा ओसरीत पाय पसरून बसले, आणि शेकायला आलेली सगळी माणसं दुखणं विसरून त्यांचे पाय बघायला जमली. आत माय इतकी हसत होती की सिस्टर तिला हलू नका, हलू नका म्हणून ओरडत होत्या.

बरेच दिवस आमची ही वाशीमची वारी चालली. दर खेपेला जोडवी बाबांच्या पायात. शेवटच्या दिवशी शेक संपल्यावर ती मायच्या हातात न देता बाबा खाली बसले आणि भर ओसरीत स्वतःच तिच्या बोटांत घालायला लागले. चार लोकांत बायकोच्या पायाला हात लावणारा पुरुष मी तोवर पाहिला नव्हता.

"अजी, लोक पाहून राह्यले," माय पुटपुटली.

"पाहू दे. तू बसून दाखव."

मायने लुगडं सावरलं आणि हळूहळू, पार टाचा टेकवून, उकिडवी बसली. मग कुणाचा हात न धरता उठली. बाबा मात्र मान खाली घालून तिथंच बसून राहिले. डोळे पुसायला त्यांना जरा वेळ लागला.