ज्याची त्याची पाठ

“आदी काम दाव, मंग दुखनं सांग.”

तारापूरजवळच्या घिवलीतल्या वाडीत विहिरीच्या काठावर बसून बाय प्रत्येकाला हेच म्हणायची. सगळं गाव तिला बायच म्हणे. समोर वाळूनं भरलेलं एक पोतं. कुणी कंबर धरून आलं की ती पाठीला लगेच हात लावायची नाही. कोळीण असली तर डोक्यावर टोपली द्यायची, भातलावणीची बाई असली तर चिखलात वाकायला लावायची. हमालाला ते पोतं. आणि आपण पान चघळत बघत राहायची. तुम्ही मोठमोठे डॉक्टर पाहिले असतील. माणूस वाकतो कसा हे इतकं बारकाईनं बघणारं मला तरी पुन्हा कुणी भेटलं नाही.

तारापूरला वीजघर बांधायला काढलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी बीडकडचा, सहावीत शाळा सोडलेला. मी आणि आमच्या गावचा महादू, दोघं बरोबर आलो. काम सिमेंटच्या गोण्या वाहायचं. दुसऱ्याच महिन्यात माझी कंबर धरली. मुकादम म्हणाला, “दो दिन. तीसरे दिन दूसरा आदमी.” घरी आई आणि दोन बहिणी माझ्यावर. त्या धास्तीनंच बायच्या वाडीपर्यंत पोचलो.

मी पोतं उचललं तशी ती हसली. “गुडगे काय द्येवाला वायलेस? सगला भार पाटीवर!”

मग पालथं निजवून तिनं पाठ चाचपली, तळपायावर नख ओढलं. “कलतं का?”

“कळतं की.”

“मंग निजू नको. वालूवर चाल. गोनी गुडग्यात वाकून घे, खांदा बदलत जा.”

माझ्या आधी आलेल्या बाईला मात्र तिनं चार दिवस निजायला सांगितलं होतं, वर तिच्या सासूला दम भरला होता. मी विचारलं, “तिला निजायचं आन मला चालायचं?”

“तिची पाट तिची, तुजी तुजी.”

तिसऱ्या दिवशी मी कामावर उभा होतो. आईला पत्र लिहिलं, इथं मला दुसरी आई भेटली.

पुढं महादूची कंबर धरली. तीच गोणी, तीच जागा दुखायची. बायकडे जायचं तर दिवसाची मजुरी बुडणार. मी म्हटलं, कशाला जातोस, मला सगळं पाठ आहे. वाळूवर चाल, खांदा बदल. तो म्हणाला, “पायाला मुंग्या येत्यात रे.” मी म्हटलं, “भुईवर निजतोस म्हणून. चाल, मोकळा होशील.” मीच त्याला आठ दिवस वाळूवर चालवला.

नवव्या दिवशी त्याचं पाऊल उचलेना. बैलगाडीत घालून त्याला वाडीत नेलं. त्या दिवशी बायनं काम दाखवायला सांगितलं नाही. तळपायावर नख ओढलं. महादू आभाळाकडे बघत होता.

“कलतं का?”

“काय?” तो म्हणाला.

“लगवी हुते?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. बाय ताडकन उठली. “ह्ये माजं काम नाय. पालघरला न्या, मोठ्या दवाखान्यात. आत्ता!”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आठवड्यापूर्वी आणायला हवं होतं. महादूचा भाऊ गावाहून आला. पालघर स्टेशनवर त्यानं महादूला पाठीवर घेतलं. महादू मला म्हणाला, “तुझी कंबर बरी हाय ना?” टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

बायला सांगायला गेलो. वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, “चूक माजी पन हाय. तुला चालायला सांगितलं, का सांगितलं त्ये नाय सांगितलं.” त्यानंतर वाडीतून निघणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, “ह्ये तुजं. दुसऱ्याला द्येऊ नको.” पण तिचं हसणं गेलं, आणि मग माणसंही कमी झाली. मीही जाईनासा झालो. तोंड कुठलं दाखवणार?

ती गेल्याचं दोन महिन्यांनी कळलं. वाडीत गेलो तर विहिरीपाशी कुणी नव्हतं. पोतं तिथंच होतं. मी गुडघ्यात वाकलो आणि ते उचलून खांद्यावर घेतलं.

पाठ जराही दुखली नाही. पोतं तसंच खांद्यावर धरून मी रडत उभा राहिलो.