काळी पट्टी

मेडिकलवाल्याने मशीनमधून फाडून दिलेलं बिल अजून कोमट होतं. त्या तापलेल्या कागदाचा वास नाकात शिरला आणि डहाणूच्या छोट्या दवाखान्यातली ती दुपार आठवली.

मी तिथे ईसीजी काढायचे. जवळच्या विवळवेढे गावातल्या एका माणसाला छातीत कळ आली म्हणून बायको आणि धाकटा भाऊ त्याला घेऊन आले. सकाळपासून ईसीजीच्या पट्ट्या काढून मशीनचं, या बिलासारखंच कागद तापवून काळं छापणारं हेड भयंकर तापलं होतं. त्या माणसाची पट्टी बाहेर आली ती पार काळी. हृदयाची रेघच दिसेना.

"करंट देऊन जाळलंस माझ्या भावाला!" ती जळल्यासारखी पट्टी बघून धाकटा भाऊ ओरडला आणि त्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. मग त्याने लोखंडी स्टूल उगारलं. तेवढ्यात त्याची वहिनी मध्ये घुसली. स्टूल तिच्या हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

ती कळवळली, पण माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही परत काढा."

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या वॉर्डबॉयने त्याला दाबून धरलं. मी पुठ्ठ्याने हेडला वारा घातला, छपाईची उष्णता कमी केली आणि बटण दाबलं. या वेळी रेघ स्वच्छ उमटली. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका ओळखून लगेच इंजेक्शन दिलं. माणूस वाचला.

तिने मला वाचवलं, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. आता वाटतं, ती नवऱ्यालाच वाचवत होती. त्या खोलीत मशीन चालवता येणारी मी एकटीच होते.