स्प्रिंगमधलं रबर

माझ्या वडिलांची गाडी आणि माझ्या सासूबाईंची जीभ, या दोन्हींमधून जाऊनही माणूस धडधाकट राहिला तर ती त्याच्या स्वतःच्या हाडांची कमाई समजावी. मी राहिले. त्याचं श्रेय मी दोघांपैकी कुणालाही देणार नाही.

बाबा ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत वर्कशॉपला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात ते अजूनही वर्कशॉपचे साहेबच आहेत. पंख्याचा आवाज आला तरी आधी निदान करतात आणि मग तो आवाज येतच नाही असं सिद्ध करतात. त्यांची पांढरी छोटी गाडी मी शाळेत असताना घेतलेली. तिच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. गाडीला काही झालेलं नाही, रस्त्याला झालंय.

याच बाबांनी मला लहानपणी गाडीचे धक्के गिळणारे शॉकअप कसे तपासायचे ते शिकवलं होतं. बॉनेटचा कोपरा अंगाच्या वजनानं दाबायचा आणि सोडून द्यायचा. गाडी एकदा वर आली आणि थांबली तर शॉकअप चांगले, वरखाली नाचत राहिली तर गेले. मी दाबायचे तेव्हा गाडी हलायचीसुद्धा नाही, मग ते माझ्या हातांवर हात ठेवून दाबायचे. त्यामुळे त्यांची गाडी गेली काही वर्षं नाचते आहे हे मला माहीत होतं आणि त्यांना तर माझ्याआधीच माहीत होतं.

माझं सासर टिटवाळ्याचं. घरात नवरा, मी आणि सासूबाई. मागच्या वर्षी मला पहिल्यांदा दिवस गेले. तिसरा महिना होता तेव्हा मामेबहिणीच्या हळदीसाठी बाबा मला ठाण्याला घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच आणून सोडलं. रस्ता उखडलेला होता, गाडी नाचत होती, आम्ही दोघं हळदीच्या जेवणाबद्दल बोलत होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते बाळ गेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं की अशा वेळी बहुतेकदा गर्भच मुळात नीट धरलेला नसतो. गाडी, जिना, पपई, कशाचाही संबंध नाही. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं. नवऱ्यानं घरी सांगितलं, माहेरी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणीही विश्वास ठेवला नाही.

कारण त्याआधीच निकाल लागला होता. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये सासूबाई बाबांना म्हणाल्या होत्या, "त्या खटाऱ्यातून नेलंत पोरीला, आणि वर विचारताय काय झालं?" आणि बाबा म्हणाले होते, "गाडीला काहीही झालेलं नाही." हे सगळं माझ्या खोलीच्या दारात चाललं होतं आणि दार उघडं होतं. मी पलंगावर पडून छताकडे बघत होते. त्या दिवशी माझ्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच वाक्य.

पुढे वर्षभर दोन्ही घरांत फक्त सणावारापुरतं बोलणं होतं. बाबांनी गाडी धुतली, पुसली, तिला नवी सीट कव्हरं घातली, पण शॉकअपना हात लावला नाही. मला तेव्हा वाटायचं, हट्टीपणा.

यंदा पुन्हा दिवस गेले आणि या वेळी सगळं नीट होतं. सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे दोन्ही घरांना मान्य होतं. तेवढं एकच मान्य होतं. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे की, पण त्या गाडीतून नाही. बाबा फोनवर म्हणाले, माझी मुलगी माझ्याच गाडीतून माझ्या घरी येईल. नवऱ्यानं भाड्याची गाडी सुचवली तर बाबांनी दोन दिवस त्याचा फोन घेतला नाही. मी कशातून जाणार यावर सगळे बोलत होते. कुणाला एवढंच विचारायचं सुचलं नाही की तुला भीती वाटते का गं. मला वाटत होती. जिना उतरताना वाटत होती, शिंकताना वाटत होती. शेवटी मीच बाबांना फोन करून सांगितलं, "शॉकअप बदला, मी तुमच्या गाडीत बसते. नाही बदलले तर मी बाळंतपण टिटवाळ्यालाच करेन."

"बदलतो," बाबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, तिथेच मला संशय यायला हवा होता.

न्यायला आले ते रुबाबात. गाडी पुढून चांगली उंच दिसत होती. सासूबाई खाली आल्या तशी बाबांनी बॉनेटवर थाप मारली. "दाबा. तुम्हीच दाबून बघा, म्हणजे शंका नको."

सासूबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी दाबलं. गाडी जराही हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. "हं," म्हणाल्या. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी आजवर ऐकलेली नाही. मग वर जाऊन माझी ओटी भरली, नवऱ्यानं बॅग ठेवली आणि आम्ही बापलेक निघालो.

सोसायटीच्या गेटबाहेर पहिला गतिरोधक आला. धक्का माकडहाडातून निघाला तो दातांपर्यंत आला. मी पोट दोन्ही हातांनी धरलं. वाटलं, असेल, नवं सामान आहे, बसायला वेळ लागेल. पण पुढे प्रत्येक खड्डा, गटाराचं प्रत्येक झाकण, रस्त्यावरची साधी भेगसुद्धा अंगात घुसत होती. आधी गाडी नाचायची, आता ठोसे मारत होती. आंबिवलीपर्यंत मी दात आवळून बसले.

"बाबा, गाडी थांबवा."

"काय झालं?"

"आधी थांबवा."

मी उतरले, पुढच्या चाकाशी गेले आणि पोट सांभाळत जमेल तेवढी वाकले. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जाडजूड काळं रबर ठोकून बसवलेलं होतं. त्यामागचा शॉकअप जुनाच, तेलानं ओघळलेला, त्या तेलावर धुळीचा थर.

"हे काय आहे?"

"बफर आहेत. सगळेच घालतात."

घालतात. कल्याण-डोंबिवलीत अर्ध्या गाड्यांना असतात, खड्ड्यात पोट घासू नये म्हणून. पण बाबांनी ते गाडीसाठी घातलेच नव्हते. दाबणाऱ्या हातांना गाडी हलू नये म्हणून घातले होते. आयुष्यभर एसटीच्या स्प्रिंगपाट्यांशी झुंजलेला माणूस, रबरानं धक्के वाढतात हे ज्याला झोपेतही सांगता आलं असतं, त्यानं विहीणबाईंची परीक्षा पास व्हायला स्प्रिंगा कोंबून ठेवल्या होत्या.

"तुम्ही बदलतो म्हणालात."

"बदलले असते तर तुझी सासू काय म्हणाली असती? म्हणजे आधीचे गेलेलेच होते. हेच ना?"

"होतेच ना गेलेले!"

मी इतक्या जोरात ओरडले की समोरचा भाजीवाला वजन करायचं थांबला. "तुमची मान खाली जाऊ नये म्हणून सातव्या महिन्यातल्या गरोदर मुलीला या दगडात बसवलंत? लाज नाही वाटत?" वडिलांना लाज नाही वाटत का असं मी त्याआधी कधी विचारलं नव्हतं. मी पुन्हा गाडीत बसले आणि म्हटलं, "वाटेत जे गॅरेज दिसेल तिथे घ्या. हळू."

शहाडचा पूल ओलांडल्यावर एक गॅरेज मिळालं. तिथेही बाबांनी सुरुवात केलीच. डाव्या बाजूचा पुढचाच थोडा गळतोय, तेवढा एक बदला. मेकॅनिक म्हणाला, "काका, जोडीनेच बदलतात. एक नवा एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूला ओढेल." हे बाबांनी मला मी सातवीत असताना सांगितलेलं होतं. मी खुर्चीवरून म्हटलं, "चारही बदला. आणि ते रबर काढून फेकून द्या."

काम बराच वेळ चाललं. मधे नवऱ्याचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, आईला सांगू नको हां. उगाच वाढेल." मी फोन ठेवला आणि सासूबाईंनाच लावला. सांगितलं, शॉकअप जुनेच होते, रबर घातलं होतं, आता गॅरेजमध्ये बसलेय.

"मी म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. आवाजात नुसता आनंद. "पहिल्यापासून म्हणतेय मी! ऐकतंय कोण?" इतक्या खूश झाल्या होत्या की मी कशी आहे हे विचारायचं त्या विसरल्या. मला दोघांचाही सारखाच संताप आला.

मेकॅनिकनं जुना शॉकअप काढून फरशीवर उभा केला आणि दांडा तळहातानं दाबला. दांडा आत गेला आणि तिथेच राहिला. मग नवा उभा करून दाबला, तो सावकाश आपोआप वर आला. "हे काय आजचे गेलेले नाहीत, काका," तो सहज म्हणाला. "दोन-तीन वर्षं तरी झाली असतील."

बाबांनी तो जुना शॉकअप हातात घेतला. दांडा ओढून वर काढला, दाबला. पुन्हा ओढला, पुन्हा दाबला. मेकॅनिक दुसऱ्या चाकाकडे गेला तरी त्यांचं चालूच होतं. दोन-तीन वर्षं, म्हणजे हळदीच्या दिवशीही. तो हिशोब त्यांच्या तोंडावर मला दिसत होता आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू.

निघालो तेव्हा गाडी वेगळीच झाली होती. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, पुढे हायवे, मी पोटावरचे हात काढून शेजारी ठेवले. बाबा दर खड्ड्यानंतर आरशातून मागे माझ्याकडे बघायचे.

"बसतोय का धक्का?"

"नाही."

माजिवडा जवळ आल्यावर ते म्हणाले, "तेव्हाच बदलायला हवे होते. माझ्यामुळे तुझं..."

"गाडीमुळे नाही गेलं ते," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवे शॉकअप असते तरी गेलंच असतं. तुम्हाला दोघांना ते पटवून घ्यायचंच नाहीये. सासूबाईंना तुमची चूक हवी आणि तुम्हाला गाडी निर्दोष हवी. वर्षभर तुम्ही दोघं या गाडीवरून भांडताय. गाडीचं काय गेलं होतं, बाबा? माझं गेलं होतं."

"तू तरी कुठे काही बोललीस?"

"कुणाशी बोलणार होते? दारात उभे राहून काय म्हणालात आठवतंय? गाडीला काही झालेलं नाही. मला झालं होतं, बाबा. मी आत होते."

माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता, अजूनही फार कमी झालेला नाही. सिग्नलला गाडी थांबली. मागचे हॉर्न वाजवायला लागले, सिग्नल सुटला होता, पण बाबांनी गाडी काढली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते समोर बघत होते.

"फार दुखलं होतं का गं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "फार."