चावी खिशात

धुळ्याहून पिंप्राळ्याला घरी येताना, कापूस उपटून मोकळ्या केलेल्या एका शेतात तो मला दिसला. चाळिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड आणि समोर पुठ्ठ्याच्या नळीचं कंबरेएवढं रॉकेट. मी गाडी लावून बघत उभा राहिलो. त्याने लांबून बटण दाबलं. काहीच झालं नाही. मी पुढे सरकलो, तसं त्याने माझं मनगट गच्च धरलं.

"थांबा भाऊ! आत धुमसत असेल, तर जवळ जाताच उडेल."

बटणाच्या पेटीची चावी काढून त्याने स्वतःच्या खिशात टाकली. जो रॉकेटजवळ जाणार, चावी त्याच्याच खिशात, हा त्याचा नियम.

"कॉम्प्युटरवर चुकलं तर मागे घेता येतं," तो म्हणाला. "म्हणून माणसं विचार न करता बटणं दाबतात."

त्याचा फोन वाजत राहिला. त्याने बघितलंही नाही. "ऑफिसमा बठ्ठं अर्जंट शे. आठे फक्त थांबानं शे." ऑफिसात सगळंच अर्जंट, इथे मात्र नुसतं थांबायचं, असं तो अहिराणीत सांगत होता.

नळीतून धुराची बारीक रेघ निघाली. मी दोन पावलं मागे सरलो. तो हलला नाही. धूर थांबून बराच वेळ गेल्यावर तो एकटा गेला, गुडघे टेकले आणि वायरी सोडवल्या. हात जराही कापला नाही.

परतला तेव्हा फोन पुन्हा वाजला. आता त्याने उचलला.

"हो सर. सॉरी सर. लगेच करतो सर."

फोन धरलेला हात थरथरत होता. दुसऱ्या हाताने तो खिशातली चावी चाचपत होता.