लग्नातला थंडा

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळही आला, अशी आमच्याकडे थट्टा चालायची. चाकूरजवळच्या आमच्या गावात टँकरचा पत्ता नसायचा. थंड्याच्या बाटल्यांची गाडी मात्र न चुकता यायची. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर त्याच थंड्याची जाहिरात लागे. गोरीगोमटी पोरंपोरी एकमेकांच्या हातातल्या बाटल्या हिसकावून पीत असत, कोण कुणाचा हे कुणी विचारत नसे. वडील ती बातम्यांपेक्षा मन लावून बघायचे.

आम्ही बौद्ध. आमच्या लग्नाला गावातली शेतवाली मंडळी यायची, फुलं टाकायची, पण जेवायची नाहीत. त्यांच्या घरी कोरडा शिधा पोचवायचा, अशी रीत. त्यांच्यातले एकजण वडिलांचे शाळासोबती. वडील त्यांना दादा म्हणत. या दादांनी एकदा तरी आपल्या दारात काही तोंडात घालावं, एवढीच वडिलांची इच्छा होती.

ताईचं लग्न मुदखेडच्या मुलाशी ठरलं. तो नांदेडजवळ थंड्याच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात होता. गावाला एवढंच ठाऊक, की मुलगा ‘कंपनीत’ आहे. वडिलांनी जाहीर करून टाकलं, यंदा शिधा बंद, सगळ्यांना थंडा. जावयानेच खोकी पाठवली.

लग्न लागलं, बाटल्या वाटल्या. दादांनी वडिलांच्या हातातून बाटली घेतली आणि सरळ तोंडाला लावली. मग बाकीच्यांनीही. वडिलांना भर मांडवात रडू आलं. मलाही वाटलं, इतक्या वर्षांच्या भाषणांनी जे झालं नाही, ते कंपनीनं करून दाखवलं.

तेवढ्यात दादांना ठसका लागला. मी धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. पाणी सकाळी त्यांच्याच विहिरीवरून गाडीनं आणलेलं, त्यांनीच भरू दिलेलं. दादांनी हातानं तांब्या बाजूला सारला. रागानं नाही; घरच्या पोराला समजवावं तसे म्हणाले, “पाणी नगं. बाटलीचं येगळं असतंय बाळा, ते कंपनीचं हाय.”

मी तांब्या धरून तसाच उभा राहिलो. यांच्या विहिरीचं पाणी आमच्या तांब्यात आल्यावर त्याचं असं काय झालं, हे मला काही केल्या समजेना.

वडिलांनी ऐकलं होतं. ते पुढे आले आणि आवाज न चढवता म्हणाले, “दादा, ह्या बाटल्या माझा जावईच भरतोय. तीच त्याची नोकरी हाय.”

दादांनी नवरदेवाकडे पाहिलं, मग हातातल्या बाटलीकडे. अर्धी उरलेली बाटली त्यांनी हळूच खुर्चीखाली ठेवली. ओळीनं सगळ्यांच्या बाटल्या खाली गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. जाताना दादांनी वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि शिधा घरी पाठवून द्यायला सांगितलं. आईनं तो त्याच दुपारी बांधला.

पुढच्या बाजाराला मी चाकूरला गेलो. स्टँडवरच्या टपरीपाशी दादा उभे होते आणि तोच थंडा चवीनं पीत होते. आमच्या भागात येणारा सगळा थंडा त्या एकाच कारखान्यातून यायचा, आणि तिथं बाटल्या कोण भरतं, हे आता त्यांनाही माहीत होतं.