सलूनमधला गृहपाठ

आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला सगळे मौनी म्हणतात. हातात कात्री असूनही तोंड न चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बोलायचं काम आम्ही गिऱ्हाइकं करायचो, आणि जरा जास्तच करायचो.

त्याची बायको लाँड्रीत कामाला, सुटायची आठला. म्हणून त्यांची पाचवीतली मुलगी चिंगी शाळेतून थेट सलूनमध्ये यायची आणि बाकाच्या टोकाला वही उघडून बसायची. त्याच बाकावर आम्ही, नंबर लागायची वाट बघत. रिकाम्या माणसापुढे गणित आलं तर तो गप्प बसेल का? भागाकार विमा कचेरीतले साहेब करायचे, निबंध औषधाच्या दुकानवाला सांगायचा आणि अपूर्णांक माझ्याकडे. उगाच नम्रपणा कशाला, माझे अपूर्णांक चोख असत. वहीवर बाईंचे 'छान' असे शेरे पडत आणि मौनी दाढी करता करता आरशातून बघून खूश होई.

मग परीक्षा झाली. गणितात पंचवीसपैकी तीन! बाईंनी मौनीला बोलावून सांगितलं, महिन्याभराने फेरपरीक्षा आहे, त्यात पास झाली नाही तर मुलगी पुन्हा पाचवीतच बसेल. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मला स्वतःची लाज वाटली, पण कबूल कोण करतो? उलट म्हणालो, "पेपरच अवघड काढला असणार."

"पेपर सोपा होता, काका," मौनी म्हणाला. "पेपराला तुम्ही नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्याने चिंगीचं स्टूल आपल्या खुर्चीशेजारी ओढलं आणि जाहीर केलं, वहीला कुणी हात लावायचा नाही. साहेब फुगले. रागाच्या भरात दुसरीकडे केस कापायला गेले आणि मानेवर पायऱ्या पाडून घेऊन आठवड्याने परत आले.

मौनी स्वतः चौथीपर्यंत शिकलेला. अपूर्णांक त्याच्या डोक्यावरून जायचे. पण रोज सहा वाजले की तो म्हणायचा, "काय केलंस ते मला सांग." चिंगी सांगायची. मध्येच अडली की "पुन्हा सांग." रडली तरी तेच. एकदा तिने वही भिरकावून दिली. त्याने ती उचलली, तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "हं, पुन्हा सांग." मला त्याचा रागच आला होता, पोरीचा जीव घेतोय असं वाटलं.

फेरपरीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी खुर्चीत होतो, गालभर फेस. तीन चतुर्थांश मोठं की दोन तृतीयांश, इथे चिंगीचं घोडं अडलं. उत्तर माझ्या जिभेवर! तोंड उघडणार तोच मौनीने वस्तरा गालाला टेकवला.

"हलू नका, काका. लागेल."

फेस वाळला, पण मी हूं की चूं केलं नाही. चिंगीने दोन सारख्या पट्ट्या काढल्या, प्रत्येकीचे बारा भाग केले आणि बोट ठेवून मोजले.

"हिच्यात नऊ, तिच्यात आठ. म्हणजे तीन चतुर्थांश मोठं. बरोबर ना, बाबा?"

"मला काय ठाऊक? पण या वेळी सांगताना तू अडखळली नाहीस."

परीक्षेच्या दिवशी बाक गच्च भरला होता. चिंगी दारात दिसताच साहेबांनी विचारलं, "काय गं, कसा गेला?"

तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ बापाजवळ गेली.

"बाबा, चार-चार मार्कांची दोन गणितं चुकली. पण कुठे चुकली ते मला कळलंय. सांगू?"

निकाल आठवड्याने लागला, पंचवीसपैकी सतरा. पण मौनीने कात्री खाली ठेवून डोळे पुसले ते परीक्षेच्याच दिवशी, "सांग" म्हणता म्हणता.