बापूजींनी नाव घेतलं नाही

तानाबाईंच्या घरी कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या. एक अंगणात, दुसरी गोठ्यामागं, फवारणीच्या कपड्यांची. त्यांचे यजमान बापूजी कपाशी फवारून आले की बाहेरच कपडे उतरवायचे आणि तानाबाई हाताला पिशव्या बांधून ते वेगळे धुवायच्या. बाभुळगावजवळच्या त्या खेड्यात बायका याला हसत. बापूजी म्हणत, "अमरची माय मले माह्याच घरात पावना करून ठेवते."

सप्टेंबरात बापूजींना ताप भरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहात तंबाखू टाकून ढवळायला घेतला, तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं.

"वहिनी, फवारणीची बाधा हाय ही," शेजारचे सदाशिवराव म्हणाले. "ताक पाजा, उतरते."

"भाऊजी, बारा दिवस झाले, ते कपडे दोरीवरच हायेत. अंगाले लागलेच नाहीत, तर बाधा कशाची?"

दुपारी बापूजींना आकडी आली. मुलानं, अमरनं, गाडी केली आणि यवतमाळचा दवाखाना गाठला. तिथंही पहिला प्रश्न फवारणीचाच. तानाबाईंनी दोरीची हकीगत पुन्हा सांगितली. आधी ताप, मग बडबड, मग आकडी, हेही सांगितलं. डॉक्टर मॅडमनी ते नीट ऐकून घेतलं. मेंदूचा फोटो काढला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं आणि रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून औषध सुरू केलं.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. "मेंदूला सूज आहे, विषाणूमुळं," मॅडमनी समजावलं. "ओठावर जर उठतो ना, तापाचे फोड येतात, त्याचाच विषाणू. कित्येकांच्या अंगात तो जन्मभर गप पडून असतो. एखाद्याच्याच मेंदूत शिरतो. त्याच्याच का, ते आम्हालाही नेमकं सांगता येत नाही. लवकर आणलंत, जीव वाचेल असं वाटतं. पण विसरभोळेपणा राहतो, आकडी राहते. काही जण घरची माणसंही ओळखत नाहीत."

हे शेवटचं वाक्य तानाबाईंच्या छातीत रुतून बसलं.

एकवीस दिवस सुया चालल्या. ताप गेला, बोलणं ताळ्यावर आलं, अमरला त्यांनी ओळखलं. पण 'अमरची माय' अशी हाक काही आली नाही. तानाबाईंनी पाणी पुढं केलं की निमूट पीत आणि डोळे मिटून घेत.

दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी मॅडम तपासायला आल्या. वार विचारला, बरोबर आला. महिना चुकला. घड्याळाला ते "ते... वेळेचं" म्हणाले. मग मॅडमनी तानाबाईंकडं बोट केलं.

"यांचं नाव काय?"

बापूजी भिंतीकडं पाहू लागले. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. सुनेचे, प्रेरणाचे, डोळे भरून आले.

एकदम तानाबाईंच्या मनात आलं, अडतीस वर्षांत लग्नातल्या उखाण्याशिवाय या माणसानं आपलं नाव घेतलंय कधी? विसरला की लाजतोय, हे कळावं कसं?

"मॅडम, आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. दुसरं काही इचारा ना."

मॅडमनी पेन थांबवलं. "बरं. बापूजी, यांचं माहेर कुठलं?"

"दारव्हा," बापूजी पटकन म्हणाले. "तीन भाऊ हायेत तिले, तिन्हीबी कानानं अधू. अन् नाव कायले इचारता चारचौघांत? सून उभी हाय."

मॅडम हसल्या आणि लिहिलेलं खोडलं. गोळ्या वर्षभर तरी घ्याव्या लागतील, महिने-तारखा अजून चुकतील, हे त्यांनी सांगितलं. तानाबाईंनी मान डोलावली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन पदर तोंडाला लावून बसल्या. प्रेरणा मागोमाग धावत आली.

"आई, काय झालं? चक्कर आली का?"

"नाही वं," तानाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "भूक लागली. डबा आण, आन् लोणचं असंल तर तेबी."